स्लॅकलाइन किट, सहा महिने वापरून आणि टेपने मोजून (शिवाय भाच्याच्या बारा बट बाउन्सचा सोक्षमोक्ष)

आधीच सांगतो, ब्रँडचं नाव लिहिणार नाहीये. एकतर या किमतीतल्या बऱ्याच किट सारख्याच दिसतात, पट्ट्याचा रंग आणि डब्यावरचा फोटो तेवढा वेगळा, आणि दुसरं म्हणजे विक्रेत्याशी जी काही बोलाचाली झाली ती परत उगाळायची इच्छा नाही. किट घेतली डिसेंबरात, ऑनलाइन, २,८९९ रुपये, आता सहा महिने होत आले, त्यामुळे "आजच पार्सल आलं, पॅकिंग छान, पाच स्टार" टाइपचा रिव्ह्यू नाहीये हा.

ज्यांना स्लॅकलाइन म्हणजे काय तेच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन झाडांमध्ये चपटा पट्टा ताणून बांधायचा आणि त्यावरून चालायचं, हातात काठीबिठी काही नाही. आमच्या घरात याचं नाव पहिल्याच दिवशी 'डोंबाऱ्याचा खेळ' पडलं, बायकोने ठेवलं, आणि ते अगदीच चूक नाही पण डोंबाऱ्याची पोरगी चालते तो दोर कडक ताणलेला असतो आणि तिच्या हातात आडवा बांबू असतो, तोल त्या बांबूवर सांभाळतात. १९७४ मध्ये फिलिप पेती न्यूयॉर्कच्या ट्विन टॉवर्सच्या मधून चालला तोही पोलादी केबलवर, हातात लांबलचक काठी घेऊन. स्लॅकलाइनचा पट्टा मात्र जिवंत असतो हो, दबतो, वर फेकतो, आडवा हलतो, आणि तुमचा पाय थरथरला की तो दुप्पट थरथरून उत्तर देतो. पहिले चार दिवस माझा पाय शिवणयंत्रासारखा चालत होता आणि वॉचमन काका खुर्ची जवळ ओढून बघत बसायचे.

प्रकार आला अमेरिकेतल्या क्लाइंबर मंडळींकडून. योसेमिटीच्या कॅम्पात पार्किंगच्या साखळ्यांवर तोल सांभाळत टाइमपास चालायचा, मग १९७९ च्या सुमारास अ‍ॅडम ग्रोसोव्स्की आणि जेफ एलिंग्टन या दोन पोरांनी क्लाइंबिंगचा पट्टा ताणून त्यावर चालायला सुरुवात केली, आणि १९८५ मध्ये स्कॉट बाल्कम तिथल्याच लॉस्ट अ‍ॅरो स्पायर नावाच्या सुळक्यापर्यंत दरीवरून चालत गेला, जेमतेम १७ मीटरचं अंतर, पण खाली जवळजवळ ९०० मीटर मोकळी हवा. तिथून पुढे हे हायलाइनचं, म्हणजे दरीवर उंच बांधलेल्या स्लॅकलाइनचं वेड.

आता किट. डब्यात आला ५ सेंटिमीटर रुंदीचा लांब पट्टा, रॅचेट लावलेला छोटा पट्टा (ट्रकवाले सामान आवळायला वापरतात ना, तसलंच दांड्याचं खटक-खटक यंत्र), झाडाला गुंडाळायला दोन फेल्टचे तुकडे, हेल्प लाइन (शिकताना हाताने धरायला डोक्याच्या वर झाडांना बांधायची दोरी), एक पिशवी आणि एक माहितीपत्रक ज्यातलं इंग्रजी बहुधा मशीननेच लिहिलंय. डब्यावर मोठ्या अक्षरात तीन दावे: '१५ मीटर', '३०० किलो', आणि 'वर्ल्ड रेकॉर्ड ग्रेड'. आणि दोन कड्यांच्या मध्ये सूर्यास्ताला चालणाऱ्या माणसाचा फोटो. मला असले दावे बघितले की मोजायची खाज सुटते, बायको म्हणते हा आजार आहे, असेल. तर तीनही तपासले.

लांबीचं लवकर उरकतो. लांब पट्टा टेपने भरला १३.१ मीटर, रॅचेटचा छोटा १.९, बेरीज बरोब्बर १५, म्हणजे खोटं बोलले नाहीत. पण हे १५ मीटर झाडाच्या घेरासकट आहेत. आमच्या सोसायटीतल्या आंब्याचा घेर सव्वा मीटरच्या वर, दुसरा त्याहून थोडा बारीक, पट्टा एकेकाला वेढा घालून येतो, त्यात रॅचेटवर दोन-तीन वळसे बसलेच पाहिजेत नाहीतर पकड धरत नाही, वर पट्टा ताणला की थोडा लांबतो ते वेगळंच, हे सगळं जमाखर्च करून खोडापासून खोडापर्यंत चालायला मिळतात ११.६ मीटर. सोसायटीत झाडं शोधताना डब्यावरचा आकडा धरून गेलात तर फसाल. झाडांचं अंतर १२ च्या आतच हवं.

३०० किलोवर मात्र मी दोन रविवार घालवले.

३०० किलो म्हणजे काय? ३०० किलोचा माणूस चालेल? की पट्टा ३०० किलोला तुटेल? की रॅचेट तेवढं झेपवेल? डब्यावर काहीच लिहिलं नाही. विक्रेत्याला चॅटवर विचारलं, उत्तर आलं "डिअर सर, प्रॉडक्ट इज व्हेरी स्ट्राँग". परत विचारलं, परत तेच. तिसऱ्यांदा विचारलं तर चॅट बंद.

मग म्हटलं आपणच काढू. गणित दहावीच्या वरचं नाहीये. पट्ट्याच्या मधोमध उभं राहिलं की तो खाली झोळ खातो, आणि ताण येतो साधारण वजन गुणिले लांबी भागिले झोळीच्या चौपट. रिकामा पट्टा मध्यावर जमिनीपासून ६२ सेंटिमीटर होता, मी उभा राहिलो, भाच्याने फुटपट्टी धरली, २४ भरले. म्हणजे झोळ ३८ सेंटिमीटर. माझं वजन ७२. ७२ गुणिले ११.६ भागिले १.५२. उत्तर आलं ५४९.

साडेपाचशे किलो! नुसता उभा होतो हो मी, उडी नाही काही नाही. एका बाजूच्या आंब्याला साडेपाचशे किलोची ओढ आणि दुसऱ्या बाजूच्यालाही तेवढीच. आणि गंमत म्हणजे पट्टा जितका जास्त कडक करू, झोळ जितका कमी, तितका ताण वाढतो. भाचा म्हणाला मामा अजून आवळ म्हणजे उडी चांगली बसेल, आवळला, झोळ पाव मीटरवर आला, गणित केलं तर ८३५. माणूस तोच, झाडं तीच, पट्टा तोच. त्यावर उड्या मारायला लागलं की आकडा आणखी चढतो, किती ते मोजायला लोडसेल नावाचं यंत्र लागतं ते माझ्याकडे नाही.

म्हणजे डब्यावरचे ३०० किलो हे ताणाचे असतील तर मी पहिल्याच दिवशी त्याच्या पुढे गेलो होतो, आणि माणसाच्या वजनाचे असतील तर कुठल्या झोळीला हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला काडीचा अर्थ नाही. नंतर बोहरी आळीत दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो तिथे ट्रकवाला साधा लॅशिंग बेल्ट हातात घेऊन बघितला, त्याच्या शिवणीत निळं लेबल, त्यावर एलसी म्हणून, म्हणजे पट्टा किती ओढ झेलतो तो, आकडा छापलेला, डेकान्यूटन या एककात, १ डेकान्यूटन म्हणजे ढोबळ १ किलोची ओढ. ट्रकवर फ्रिज बांधायच्या पट्ट्याला लेबल आहे आणि ज्याच्यावर माणूस चालणार त्याला नाही. स्लॅकलाइन किटसाठी जर्मनीत डीआयएन ७९४०० असं वेगळं मानक आहे, घेताना डब्यावर किंवा पट्ट्याच्या शिवणीत ते दिसतंय का बघा, माझ्या किटवर नव्हतं आणि मला तेव्हा माहीतही नव्हतं.

पट्टा तुटला का? नाही. सहा महिन्यांत एक धागा सुटलेला नाही, शिवण पक्की आहे. म्हणजे माल बरा असावा, फक्त आकडा कुणीतरी मनाने छापलाय.

आता 'वर्ल्ड रेकॉर्ड ग्रेड'. इथे मी जरा वाहवत जाणार आहे, ज्यांना फक्त किटची माहिती हवीय त्यांनी खाली रॅचेटपाशी उडी मारा.

डब्यावरचा फोटो आणि डब्यातला माल यांचा काहीही संबंध नाही. हायलाइनवाले ५ सेंटिमीटरचा रबरी छपाईवाला पट्टा वापरत नाहीत, त्यांचा एक इंच किंवा त्याहून अरुंद असतो, खाली दुसरा बॅकअप पट्टा असतो, आणि चालणाऱ्याच्या कमरेच्या हार्नेसपासून लाइनवरच्या रिंगपर्यंत लीश, म्हणजे दोर. फोटो झूम करून बघितलात तर त्या माणसाच्या मागून लीश लोंबताना दिसते. ५ सेंटिमीटरचा पट्टा हा एकतर शिकाऊंसाठी नाहीतर ट्रिकलाइनसाठी, म्हणजे कमी उंचीवर उड्या आणि पलट्या मारायला. २०१२ च्या सुपर बोलमध्ये मॅडोनाच्या कार्यक्रमात अ‍ॅंडी लुईस टोगा घालून पट्ट्यावर उसळत होता ना, ते ट्रिकलाइन.

आणि रेकॉर्ड म्हणजे तरी काय, कशाचा? हे खरं तर मला या किटमुळेच कळलं. १० जुलै २०२४ ला एस्टोनियाचा यान रूस इटलीत मेसिनाच्या सामुद्रधुनीवरून चालला, मुख्य भूमीवरून थेट सिसिलीला, ३,६४६ मीटर, खाली समुद्र, पट्टा १.९ सेंटिमीटरचा, तीन तासाला तीन मिनिटं कमी. त्या वेळचा लांबीचा रेकॉर्ड २,७१० मीटरचा होता, तो त्याने वाटेतच मागे टाकला. आणि शेवटचे फक्त ८० मीटर राहिलेले असताना पडला! लीशला लटकला, परत वर चढला, चालून पलीकडे पोचला. सामुद्रधुनी ओलांडणारा तो पहिलाच, यात वाद नाही. पण रेकॉर्ड नाही झाला, २,७१० चा तसाच राहिला. कारण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न पडता गेलं तरच धरतात, त्याला सेंड म्हणतात. कबड्डीत सात गडी मारलेत पण मध्यरेषेच्या चार बोटं अलीकडे दम तुटला, तसं. तुम्ही बाहेर.

मला ही गोष्ट प्रचंड आवडते. एवढा मोठा प्रायोजक, एवढे कॅमेरे, सगळ्या जगाचं लक्ष, बघणाऱ्या कुणीही म्हटलं असतं जाऊ दे रे ८० मीटरचं काय घेऊन बसलाय. पण नियमवाले नाही म्हणाले. तरी त्या आठवड्यात माझ्या फोनवर 'रूसचा विश्वविक्रम' म्हणून जे व्हिडिओ आले त्यात पडण्याचा भाग अलगद कापलेला होता.

मोजण्याची भानगड पण वाटते तेवढी साधी नाही. २०२१ मध्ये चार जर्मन पोरांनी स्वीडनच्या उत्तरेला लॅपलँडमध्ये २,१३० मीटरची लाइन चालून रेकॉर्ड केला, पुढच्या वर्षी मे महिन्यात फ्रान्सच्या नातां पोलांने माँ-सँ-मिशेलला २,२०० मीटर. फरक किती? ७० मीटर. आता विचार करा, पट्टा ताणला की लांबतो, समजा पाचच टक्के लांबला तरी दोन किलोमीटरला १०० मीटरचा फरक पडला, म्हणजे "आम्ही एवढा पट्टा विकत आणला होता" हा पुरावाच होत नाही, दोन अँकरच्या, म्हणजे टोकं बांधलेल्या जागांच्या मधलं अंतर लेझरने किंवा जीपीएसने मोजायला लागतं. माझ्या ११.६ मीटरलाही तेच, फक्त माझा फरक एका पावलाचा.

शिवाय सगळ्यात लांब, सगळ्यात उंच, लीशशिवाय सगळ्यात लांब, हे वेगवेगळे हिशेब आहेत आणि रीलवाले त्यांची भेळ करतात. ब्राझीलचा राफाएल ब्रिदी २०२१ मध्ये दोन हॉट एअर बलूनच्या मध्ये १,९०१ मीटर उंचीवर चालला, पण लाइन होती जेमतेम १८ मीटरची, म्हणजे लांबीला माझ्या दीडपट फक्त (असं म्हणून घ्यायला मला आवडतं). जर्मनीचा फ्रीडी क्यूने २०१७ मध्ये फ्रान्सच्या वेर्दों घळीवरून ११० मीटर चालला, लीश न लावता. पडला असता तर व्हिडिओ तपासायची गरजच उरली नसती. त्यावर अजून काही लिहायला माझा हात धजत नाही.

हे सगळं कोण ठरवतं, तर एक म्हणजे इंटरनॅशनल स्लॅकलाइन असोसिएशन, २०१५ पासूनची, स्वित्झर्लंडची, ते लांबीउंचीच्या रेकॉर्डची नोंद ठेवतात आणि अपघातांचे रिपोर्टही गोळा करतात (ते आधी वाचा, रेकॉर्ड नंतर). दुसरं गिनीज, त्यांना न कापलेला व्हिडिओ, स्वतंत्र साक्षीदारांच्या लेखी सह्या, मोजमापाचे कागद, सगळं लागतं, आणि उत्तराची वाट बघत काही महिने बसायला लागतं. दोघांच्यात समान काय, तर "मी केलं" याला किंमत नाही, "कुणी बघितलं, कशाने मोजलं, मधे कापलंय का" याला आहे.

आता उडी मारून इथे आलेल्यांनी थोडं थांबा, भाच्याचं प्रकरण राहिलं.

भाचा नाशिकचा, तेरा वर्षांचा, मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे होता. आला आणि तिसऱ्या दिवशी चालायला लागला, मला तीन आठवडे लागले होते, त्यावर मी काही बोलणार नाही. पाचव्या दिवशी त्याने जाहीर केलं की त्याने सलग बारा बट बाउन्स मारले. बट बाउन्स म्हणजे पट्ट्यावर बुड टेकवून उसळी घ्यायची, परत बुडावर यायचं, परत उसळी. ट्रिकलाइनच्या बाराखडीतलं पहिलं अक्षर, मग चेस्ट बाउन्स म्हणजे छातीवर पडून उसळायचं, मग पाठीवर, मग पलट्या वगैरे. बारा? मी म्हटलं दाखव. तो म्हणाला आत्ता दमलोय, पण व्हिडिओ आहे, शेजारच्या ताईने काढलाय.

व्हिडिओ बघितला, मोजले, बाराच. मग मी फोन टीव्हीला जोडला आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितलं, तो "मामा तू फार बोअर आहेस" म्हणत शेजारी बसला. नियम सोपा ठरवला, बुड आणि पट्टा यांच्या मधे उजेड दिसला पाहिजे. पाच वेळा दिसलाच नाही, नुसतं बसल्या बसल्या डुलत होता. राहिले सात. मग बायको, जी इतका वेळ मेथी निवडत होती, तिने मान वर केली आणि विचारलं, "पण याचे पाय कुठायत?" परत मागे नेलं. पट्टा गुडघ्याच्या उंचीवर, हा बसला की आणखी खाली येतो, आणि पठ्ठ्या दर वेळी जमिनीला पाय मारून वर जात होता! फ्रेमच्या खालच्या काठाला अर्धीच चप्पल दिसते, पण दिसते. पाय हवेत असलेले बाउन्स निघाले तीन.

अर्धा तास रुसला. मग स्वतःच कागद घेऊन नियम लिहायला बसला, आणि खरं सांगतो, फार चांगले लिहिले. दोन्ही झाडं पूर्ण वेळ फ्रेममध्ये. मधे कट नाही. जमीन दिसली पाहिजे. घरातला नसलेला एक साक्षीदार (वॉचमन काका). पट्ट्याची मध्यावरची उंची आधी मोजून बोलून दाखवायची, फुटपट्टी कॅमेऱ्यासमोर. हेल्प लाइन काढून ठेवायची. हा शेवटचा नियम त्याने माझ्यासाठी घातला, कारण माझ्या 'पहिल्या पूर्ण क्रॉसिंग'च्या व्हिडिओत माझा डावा हात डोक्यावरच्या दोरीपासून चार बोटांवर होता आणि एका जागी चार बोटंही नव्हती. शिवाय मी सुरुवात करताना मागच्या झाडाला टेकून उभा होतो आणि शेवटचं पाऊल टाकायच्या आधीच पुढच्या झाडाला मिठी मारली होती. त्याने दोन्ही झाडांपासून एकेक मीटरवर लाल रिबन बांधली आणि म्हणाला हिच्यापासून हिच्यापर्यंत. म्हणजे माझे ११.६ एका फटक्यात ९.६ झाले. रूसला ८० मीटर नडले, मला दोन.

व्हिडिओतली उंची या विषयावर एक शेवटचं. फेब्रुवारीत मी एक फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला होता, फोन जमिनीवर ठेवून वर तोंड करून काढलेला, मागे फक्त आकाश. अर्ध्या तासात साताऱ्याच्या आत्याचा फोन, "अरे तुला दोन पोरी आहेत, दरीवर काय चाललायस?" दरी नव्हती, पार्किंगचा कठडा होता. जमीन न दाखवणारा फोटो बघितला की आता मला आधी ती कुठे कापलीय तेच दिसतं. आणि "भारतात पहिल्यांदाच ही ट्रिक" असं लिहिलेलं रील असेल तर सोडूनच द्या. लांबी मोजता येते, उंची मोजता येते, पण आधी कुणीच केली नाही हे कशाने मोजणार, दुसऱ्या कुणी व्हिडिओ काढला नाही एवढंच त्यातून कळतं.

असो, रॅचेट. किटचा सगळ्यात चांगला आणि सगळ्यात धोक्याचा भाग तोच. चांगला कारण एकट्या माणसाला पाच मिनिटांत लाइन लावता येते. धोक्याचा कारण सोडताना ते हळूहळू सुटत नाही, दांडा पूर्ण उलटा केला की एकदम धाड्कन सगळा ताण निघतो, हात मधे असेल तर बोटाचं काही खरं नाही, माझ्या करंगळीचं नख गेलंय. आधी पट्ट्यावरून सगळ्यांना उतरवा, तोंड बाजूला ठेवा, दांडा तळहाताने ढकला, बोटं गुंडाळू नका. रॅचेट पट्ट्याच्या खालच्या बाजूला येईल असं लावा म्हणजे पडलं तरी लोखंडावर पडणार नाही, मी वरून जुना मोजाही चढवतो. पट्टा ओढताना वाकडा गुंडाळला गेला की अडकतो, मग स्क्रू ड्रायव्हर आणि शिव्या.

फेल्टचे तुकडे अगदीच फालतू, ९० सेंटिमीटर लांब, म्हणजे आमच्या आंब्याला पाऊण वेढा पण पुरत नाही. मी गोणपाट चौपदरी करून लावतो, झाडाच्या सालीला काही होत नाही आणि चेअरमनसाहेबही गप्प. झाड कुठलं हे महत्त्वाचं, आंबा, चिंच, वड चालतील, खोड चांगलं कवेत मावेल न मावेल असं जाड हवं. गुलमोहर नको, तो पावसाळ्यात आपण होऊनच पडतो, आणि शेवग्याला तर पोराचा झोपाळाही बांधू नये. विजेचा खांब, बाल्कनीचा ग्रिल, पार्किंगचा पाइप हे विषयसुद्धा काढू नका, साडेपाचशे किलो आठवा.

पट्ट्यावरची रबरी नक्षी तीन महिन्यांत मधल्या भागात घासून गेली, अनवाणी चालत असाल तर फरक पडत नाही, ओल्या पट्ट्यावर मात्र घसरायला होतं. उन्हात कायम बांधून ठेवू नका, धागा कमजोर होतो, आणि संध्याकाळी कुणी सायकलवरून आलं तर गळ्याएवढ्या उंचीला नसला तरी हँडलला अडकतोच, मधे जुनी ओढणी बांधून ठेवा. हेल्प लाइन पहिले दोन आठवडे उपयोगी, नंतर तिची सवय लागते ती मोडायला अजून दोन आठवडे जातात, माझ्यावरून सांगतो.

आणि शिकताना समोरच्या झाडाकडे बघा, पायाकडे नाही, गुडघे थोडे वाकवून, हात खांद्याच्या वर. हे माहितीपत्रकात नाहीये, हे मला वॉचमन काकांनी सांगितलं, त्यांच्या गावाकडे जत्रेत बघून बघून.

रेटिंग, पाचपैकी तीन. पट्टा आणि शिवण चार, रॅचेट साडेतीन, झाडाचे फेल्ट शून्य, डबा उणे एक. नवशिक्याने घ्यावी का? हजार-दीड हजार जास्त टाकून लेबल आणि मानक छापलेली मिळत असेल तर ती घ्या, नसेल तर ही चालेल, पण गुडघ्याच्या वर बांधू नका आणि उड्या पोरांपुरत्याच ठेवा. कड्याबिड्यावर न्यायचा विचार तर डोक्यातसुद्धा आणू नका, फोटो काहीही सांगो.

सोसायटी रेकॉर्डचा कागद वॉचमन केबिनच्या काचेवर आतून चिकटवलेला आहे, काकांच्या सहीसकट. चालणे, ९.६ मीटर, जाऊन-येऊन, न पडता: भाचा. बट बाउन्स, पाय हवेत, पट्टा ७० सेंटिमीटर: भाचा, सलग पाच. माझं नाव तिसऱ्या ओळीत आहे, चालणे, फक्त जाणे. काल त्याचा नाशिकहून फोन आला होता, दिवाळीत येतोय, झाडांमधलं अंतर परत मोजून ठेव म्हणाला, पावसात पट्टा सैल झाला असेल.